स्थानिक व्यवसायाच्या ऑनलाइन जाहिराती कोणत्या परिसरात दाखवाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या व्यवसायाचा ग्राहक चालत किंवा फार तर अर्ध्या तासाच्या प्रवासाने येतो, त्याने जाहिरात कोणत्या परिसरात दाखवायची हे जाहिरातीचा मजकूर लिहिण्याच्या आधी ठरवायला हवे. प्रत्यक्षात मात्र मजकुरावर आठवडाभर खल होतो आणि परिसराची सेटिंग शेवटच्या दोन मिनिटांत उरकली जाते. पुढील प्रश्न अशा उरकलेल्या सेटिंगमधूनच पुन्हा पुन्हा उभे राहतात. उत्तरांत प्रामुख्याने गुगल ॲड्स आणि मेटा, म्हणजे फेसबुक व इन्स्टाग्राम, या दोन मंचांचा विचार केला आहे.

भौगोलिक लक्ष्यीकरण म्हणजे नेमके काय?

आपली जाहिरात कोणत्या भागातील लोकांना दिसावी आणि कोणत्या भागातील लोकांना दिसू नये, हे जाहिरात मंचाला सांगून ठेवण्याची सोय म्हणजे भौगोलिक लक्ष्यीकरण. रोजच्या कामात याला 'लोकेशन टार्गेटिंग' किंवा नुसते 'लोकेशन लावणे' म्हणतात. देश, राज्य, शहर, पिनकोड किंवा नकाशावरील एखाद्या बिंदूभोवतीचे वर्तुळ अशा कोणत्याही रूपात हा भाग सांगता येतो. गुगल ॲड्सच्या सर्च मोहिमेत, म्हणजे गुगलवर शोध घेणाऱ्यांना दाखवायच्या जाहिरातींच्या मोहिमेत, ही सेटिंग पूर्ण मोहिमेला लागू होते आणि मोहिमेच्या आतील एखाद्या जाहिरात गटाला वेगळा परिसर देता येत नाही. मेटावर ती मोहिमेच्या आतील जाहिरात संचाच्या पातळीवर असते. हा फरक किरकोळ वाटतो, पण दोन शाखांसाठी दोन मोहिमा करायच्या की एका मोहिमेत दोन संच, हे त्यावरूनच ठरते.

समोरचा माणूस कुठे आहे हे मंचाला कसे कळते?

कोणत्याही एका खुणेवरून ते कळत नाही. मोबाइलवर लोकेशन सुरू असेल आणि ॲपला परवानगी दिलेली असेल, तर जीपीएस, आसपासचे वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाइलचे टॉवर यांवरून जागा काढली जाते. परवानगी नसेल तर आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावर, भिस्त ठेवावी लागते. त्याखेरीज माणसाने शोधलेल्या शब्दांत एखाद्या गावाचे नाव असेल, नकाशावर त्याने एखादा भाग उघडून पाहिला असेल, तर तीही खूण धरली जाते. ही शेवटची खूण 'माणूस कुठे आहे' हे न सांगता 'माणसाला कोणत्या जागेत रस आहे' एवढेच सांगते. या दोन गोष्टी एकाच सेटिंगमध्ये मिसळल्या जातात आणि स्थानिक जाहिरातींचा बराच पैसा तिथेच गळतो; त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

हा अंदाज कितपत अचूक असतो?

खुणेप्रमाणे फरक पडतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगते. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घराच्या आत ही अचूकता घसरते. आयपी पत्त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांची वाहतूक मोजक्या केंद्रांतून बाहेर काढतात, त्यामुळे लहान गावातील माणूस त्या केंद्राच्या शहरात असल्याचे दिसू शकते. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे इंटरनेट, वापरणारा माणूस तर दुसऱ्या देशातही दिसतो.

खासगीपणाच्या सोयींमुळेही अंदाज सैल झाला आहे. ॲपला अचूक जागा न देता ढोबळ जागा देण्याचा पर्याय आयफोनवर २०२० मधील आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून आला. ॲपलच्या आयक्लाउड प्रायव्हेट रिले या सशुल्क सोयीत सफारीचा खरा आयपी पत्ता झाकला जातो आणि वेबसाइटला फक्त ढोबळ प्रदेश, किंवा वापरकर्त्याने तसे निवडल्यास केवळ देश आणि वेळक्षेत्र कळते. तेव्हा नकाशावर काढलेली रेघ भिंतीसारखी असेल अशी अपेक्षा ठेवू नये. रेघेबाहेरचे थोडे क्लिक येणारच. ते थोडेच आहेत ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

परिसर किती मोठा ठेवावा? सर्वसाधारण नियम आहे का?

किलोमीटरचा नियम नाही, आणि कोणी सांगितला तर त्यावर विसंबू नये. परिसर ठरवण्याचे उत्तम साधन जाहिरात मंचावर नसून व्यवसायाच्या बिलबुकात असते. शेवटच्या शंभर ग्राहकांचे पत्ते घ्यावेत, नकाशावर एकेक ठिपका ठेवावा आणि बहुतेक ठिपके कोणत्या भागात दाटले आहेत ते पाहावे. पत्ते नसतील तर पुढील दोन आठवडे काउंटरवर 'आपण कोणत्या भागातून आलात?' एवढेच विचारून वहीत नोंद ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून जे दिसते ते मालकाच्या मनातील नकाशाशी क्वचितच पूर्ण जुळते. मालक सांगतो की आमच्याकडे सगळीकडून लोक येतात. वहीत दिसते की एका बाजूने भरपूर येतात आणि दुसऱ्या बाजूने जवळपास कोणीच येत नाही, कारण मध्ये रेल्वेमार्ग आहे आणि तो ओलांडायला लांबचा वळसा घ्यावा लागतो.

अंतरापेक्षा प्रवासाचा वेळ महत्त्वाचा, हे त्यातून उलगडते. शिवाय प्रत्येक कामासाठी माणूस सारखाच प्रवास करत नाही. केस कापायला तो घराजवळची जागा पाहतो, दातांच्या उपचारासाठी थोडा लांब जातो, आणि जुन्या कॅमेऱ्याची दुरुस्ती करणारा जाणकार मिळत असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकालाही जातो. म्हणून एकाच व्यवसायात सेवेप्रमाणे परिसर वेगळा असू शकतो. जी सेवा आसपास दुसरे कोणी देत नाही, तिच्यासाठी वेगळी मोहीम करून मोठा परिसर देणे योग्य ठरते.

वर्तुळ काढावे की शहर आणि पिनकोड निवडावेत?

वर्तुळ काढणे सोपे, म्हणून बहुतेक जण तेच करतात. पण वर्तुळाचे गणित फसवे असते, कारण त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७८.५ चौरस किलोमीटर येतात. त्रिज्या १० केली की ३१४. 'पाचाचे दहा करून पाहू' असे म्हणताना आपण तेच बजेट चौपट जागेवर पसरत असतो, आणि वाढलेली सगळी जागा दुकानापासून लांबची असते. त्यामुळे त्रिज्या वाढवायची असेल तर एकेका किलोमीटरने वाढवावी आणि दर वेळी अहवाल पाहावा.

वर्तुळाला नदी, डोंगर किंवा टोलनाका दिसत नाही. व्यवसायाच्या चारही बाजूंना रस्ते सारखेच मोकळे असतील तर वर्तुळ उत्तम. एका बाजूला अडथळा असेल तर पिनकोड किंवा उपनगरांची नावे एकेक करून निवडणे चांगले. तिसरा मार्गही आहे, आणि मला तो अधिक आवडतो: एका मोठ्या वर्तुळाऐवजी ग्राहक दाटलेल्या वस्त्यांवर तीन-चार छोटी वर्तुळे काढावीत. वर्तुळाचा मध्य दुकानावरच असला पाहिजे, अशी कोणतीही अट नाही. ग्राहक ज्या वसाहतीत राहतात किंवा ज्या कार्यालयांत काम करतात, तिथे मध्य ठेवला तरी चालतो.

पिनकोड निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पिनकोडच्या सीमा टपाल वाटपासाठी आखलेल्या असतात, बाजारपेठेसाठी नव्हे. एकाच क्रमांकात गजबजलेला बाजार आणि त्यामागचा मोकळा माळ दोन्ही येऊ शकतात. दुसरे म्हणजे प्रत्येक देशात प्रत्येक पिनकोड निवडता येईलच असे नाही. यादी मोठी असेल तर गुगल ॲड्समध्ये एका वेळी १,००० पर्यंत ठिकाणे एकत्र चिकटवून भरता येतात, पण भरल्यावर नकाशा उघडून प्रत्येक भाग जागेवर आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. एका मोहिमेत मी गावाचे नाव टंकून पहिला आलेला पर्याय निवडला आणि पुढे गेलो. त्याच नावाचे दुसरे गाव दुसऱ्या राज्यात आहे, हे चौथ्या दिवशी आलेल्या पहिल्या फोनवरून कळले.

परिसर बरोबर निवडला आहे, तरी दूरच्या गावांतून फोन का येतात?

बहुतेक वेळा याचे कारण गुगल ॲड्समधील एका दडलेल्या पर्यायात असते. परिसराच्या यादीखाली 'लोकेशन ऑप्शन्स' असा दुवा असतो. तो उघडल्यावर दोन पर्याय दिसतात. पहिला 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट': निवडलेल्या परिसरात असलेले, तिथे नेहमी येणारे-जाणारे, आणि त्या परिसरात रस दाखवलेले सगळे लोक. दुसरा 'प्रेझेन्स': केवळ तिथे असलेले किंवा नेहमी तिथे असणारे लोक. नवी मोहीम तयार करताना पहिला पर्याय आपोआप निवडलेला असतो, आणि दुवा उघडलाच नाही तर तोच कायम राहतो.

'रस दाखवलेले' या शब्दांचा आवाका मोठा आहे. सहाशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने तुमच्या शहराचे नाव घालून काही शोधले, तरी तो तुमच्या परिसरात मोडू शकतो. नळदुरुस्ती, शिकवणी, व्यायामशाळा, दवाखाना अशा व्यवसायांना या माणसाचा सहसा उपयोग नसतो, म्हणून त्यांनी दुसरा पर्याय निवडावा. मी स्थानिक व्यवसायाचे कोणतेही खाते तपासायला घेतले की सर्वात आधी हाच दुवा उघडतो.

पहिला पर्याय टाकाऊ मात्र नाही. निवासाची सोय, लग्नाचे सभागृह, सामानाची ने-आण करणारी सेवा, घरे भाड्याने मिळवून देणारे मध्यस्थ यांचा ग्राहक बाहेरगावी बसूनच शोध घेत असतो. तो आज तिथे नाही, पण पुढच्या महिन्यात येणार आहे. अशा व्यवसायाने दोन्ही पर्याय दोन स्वतंत्र मोहिमांत चालवावेत, म्हणजे कोणत्या प्रकारचा ग्राहक किती खर्चात मिळतो ते वेगवेगळे दिसते.

दुकान नाही, आम्ही ग्राहकाच्या घरी जाऊन काम करतो. आम्ही काय करावे?

अशा व्यवसायाची सीमा ग्राहकाची तयारी ठरवत नाही, तुमच्या माणसाचा दिवस ठरवतो. कारागिराने दिवसात किती घरे करायची आहेत आणि दोन घरांमधील प्रवासाला किती वेळ परवडतो, यावरून परिसर काढावा. एक तासाच्या कामासाठी दीड तास प्रवास होत असेल, तर तो भाग जाहिरातीतून काढून टाकावा, मग तिथून कितीही फोन येवोत. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्येही, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतही, सेवा देण्याचा परिसर नोंदवता येतो आणि घरचा पत्ता लपवता येतो. मात्र तिथे नोंदवलेला परिसर जाहिरातीच्या मोहिमेला आपोआप लागू होत नाही. दोन्ही ठिकाणी तो स्वतंत्रपणे भरावा लागतो.

एखादा भाग मुद्दाम वगळावा का?

हो, आणि निःसंकोच वगळावा. निवडलेला आणि वगळलेला भाग एकमेकांवर आले तर वगळणे वरचढ ठरते, त्यामुळे मोठ्या वर्तुळातून नदीपलीकडचे दोन पिनकोड सहज कापता येतात. लगतच्या शहरांची नावे वगळण्याच्या यादीत आधीच घालून ठेवणे ही चांगली सवय आहे. फक्त एक सावधगिरी बाळगावी: ज्या भागात ग्राहक राहत नाहीत पण दिवसभर कामाला असतात, तो भाग रहिवासी कमी दिसतात म्हणून वगळू नये. दुपारच्या सुट्टीत केलेला शोध अनेकदा संध्याकाळी घराजवळच्या दुकानापर्यंत पोहोचतो.

कीवर्डमध्ये गावाचे नाव घालावे का?

परिसर लावलेला असेल तर प्रत्येक कीवर्डला, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी असे आपण सांगतो त्यांना, गावाचे नाव जोडत बसण्याची गरज नाही. जवळच सेवा हवी असणारा माणूस बहुतेक वेळा नुसते कामाचे नाव लिहितो किंवा 'माझ्या जवळ' असे जोडतो, आणि तो कुठे आहे हे मंच पाहून घेतो. तरीही वस्त्यांच्या बोलीतील नावांसाठी काही कीवर्ड ठेवावेत, कारण लोक शोधताना नकाशावरचे अधिकृत नाव न लिहिता चौकाचे, जुन्या गिरणीचे किंवा बसथांब्याचे नाव लिहितात. याची दुसरी बाजू नकारात्मक कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची, आहे. तुमच्या परिसरात बसलेला माणूस दुसऱ्या शहरातील सेवा शोधत असेल, तर तो 'प्रेझेन्स'च्या गाळणीतून आरामात आत येतो; त्याला अडवायचे तर त्या शहरांची नावे नकारात्मक कीवर्ड म्हणून घालावी लागतात. शोधशब्दांचा अहवाल दोन-तीन आठवड्यांनी चाळला की ही नावे आपोआप हाती लागतात.

मेटावर काही वेगळे करावे लागते का?

माणूस काही शोधत असताना सर्चची जाहिरात समोर येते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तो दुसरेच काही पाहत असताना ती दिसते. गरज आधीच निर्माण झालेली नसल्याने लांबून येण्याची त्याची तयारी कमी असते, म्हणून मेटावरचा परिसर सर्चच्या परिसरापेक्षा आवळलेला ठेवावा. शहराचे नाव निवडून त्याभोवती त्रिज्या द्यायची झाल्यास तिथे किमान सुमारे १७ किलोमीटरची मर्यादा आहे, जी छोट्या दुकानासाठी फारच मोठी होते. नकाशावर पिन टाकली किंवा पत्ता भरला तर त्रिज्या १ किलोमीटरपर्यंत खाली आणता येते. 'इथे राहणारे', 'इथे नुकतेच आलेले', 'इथे प्रवासाला आलेले' असे वेगवेगळे पर्याय पूर्वी निवडता येत. आता राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले लोक एकत्रच येतात. त्यामुळे रेल्वे स्थानक किंवा विमानतळ वर्तुळात येत असेल, तर तिथून फक्त ये-जा करणाऱ्यांनाही जाहिरात दिसेल, हे गृहीत धरावे आणि जमल्यास तेवढा भाग पिन टाकून वगळावा.

जवळच्या लोकांसाठी जास्त बोली लावता येते का?

बोली, म्हणजे एका क्लिकसाठी आपण देऊ केलेली रक्कम, हाताने लावत असाल तर येते. गुगल ॲड्समध्ये ठिकाणानुसार बोली ९० टक्क्यांपर्यंत कमी किंवा ९०० टक्क्यांपर्यंत जास्त करता येते. दुकानाभोवती २, ५ आणि ८ किलोमीटरची एकात एक वर्तुळे काढून आतल्या वर्तुळाला चढी बोली द्यायची, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. मात्र बोली लावण्याचे काम स्वयंचलित पद्धतीवर सोपवले असेल, म्हणजे जास्तीत जास्त कन्व्हर्जन (जाहिरात पाहून ग्राहकाने केलेला फोन, संदेश अशी कृती) किंवा ठरावीक खर्चात कन्व्हर्जन अशी उद्दिष्टे निवडली असतील, तर हे फेरफार विचारात घेतलेच जात नाहीत. आकडे भरलेले दिसतात, मनाला समाधान मिळते, आणि परिणाम शून्य असतो. स्वयंचलित बोली ठेवूनही जवळच्या भागावर अधिक खर्च करायचा असेल, तर त्या भागाची स्वतंत्र मोहीम काढून तिला स्वतंत्र बजेट देणे हाच मार्ग उरतो.

परिसर छोटा ठेवला तर जाहिरात दिसेनाशी होते. हे कशामुळे?

तेवढ्या भागात तुमची सेवा शोधणारे लोक दिवसाला मोजकेच असतात. त्यावर कीवर्ड अगदी नेमके, वेळ मर्यादित आणि वयोगटही ठरावीक ठेवला, तर चाळणीतून काहीच खाली पडत नाही. खासगीपणासाठी मंचही अतिशय लहान भागांवर जाहिरात दाखवणे टाळतात. एक किलोमीटरच्या वर्तुळावर सर्च मोहीम चालवण्याच्या फंदात पडू नये. परिसर लहानच ठेवायचा असेल तर कीवर्डचे बंधन सैल करावे. कीवर्ड नेमके ठेवायचे असतील तर परिसर मोठा करावा.

जाहिरात माझ्याच फोनवर दिसत नाही. ती चालू आहे हे कसे ओळखावे?

स्वतः शोधून पाहू नये. वारंवार शोधून क्लिक न केल्याने जाहिरातीचे क्लिकचे प्रमाण खाली जाते, आणि क्लिक केले तर पैसे जातात. गुगल ॲड्समध्ये जाहिरातीचे पूर्वदर्शन आणि निदान करण्याचे साधन आहे; त्यात हवे ते ठिकाण, भाषा आणि उपकरण निवडून कोणत्याही मोजणीत भर न घालता निकाल पाहता येतो, आणि जाहिरात दिसत नसेल तर तिचे कारणही तिथेच कळते.

अहवाल कसा वाचावा आणि कोणता भाग बंद करावा?

गुगल ॲड्समध्ये जाहिराती केव्हा आणि कुठे दिसल्या, याचा अहवाल मिळतो. त्यात दोन गोष्टींची गल्लत करू नये. निवडलेल्या ठिकाणांची यादी म्हणजे तुम्ही काय सांगितले होते त्याचा हिशेब. वापरकर्त्याच्या ठिकाणाचा अहवाल म्हणजे क्लिक करणारा माणूस प्रत्यक्षात कुठे होता त्याचा हिशेब. पहिल्या यादीत सगळे सुरळीत दिसते आणि दुसऱ्यात तीस अनोळखी गावे निघतात, असा अनुभव आला तर 'इंटरेस्ट'चा पर्याय चालू आहे, असे समजावे.

आता एक ओळ जवळून पाहू. समजा पूर्ण मोहिमेत सरासरी वीस क्लिकमागे एक फोन येतो. एका पिनकोडसमोर वीस क्लिक आणि शून्य फोन दिसतात. तो बंद करावासा वाटेल, पण थांबावे. तो भाग इतरांइतकाच चांगला असला, तरी वीस क्लिकमध्ये एकही फोन न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे, म्हणजे निव्वळ योगायोगानेही असे सहज घडते. तोच आकडा साठ क्लिक आणि शून्य फोन असा झाला, तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. आता तो भाग वगळण्याला आधार आहे. छोट्या व्यवसायांच्या खात्यांत चार-पाच क्लिकांवरून भाग बंद करण्याची घाई फार दिसते, आणि त्यातून एकेक करून चांगले भागही गळून जातात.

क्लिक मोजण्यापेक्षा फोन, संदेश आणि दुकानाकडे येण्याचा रस्ता पाहिल्याची नोंद मोजावी. फोन उचलणाऱ्या माणसाने ग्राहकाचा भाग विचारून वहीत लिहिला, तर महिन्याअखेर ती वही अहवालाशेजारी ठेवून ताळा घेता येतो, आणि मंचाचा अंदाज कुठे चुकतो तेही दिसते.

परिसरात बदल केल्यावर किती दिवस थांबावे?

स्वयंचलित बोली असलेल्या मोहिमेला मोठ्या बदलानंतर पुन्हा घडी बसवायला साधारण एक आठवडा द्यावा. मेटावर जाहिरात संच शिकण्याच्या टप्प्यातून, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे मंच शिकत असतो त्या काळातून, बाहेर पडण्यासाठी आठवड्यात सुमारे ५० कन्व्हर्जन लागतात, आणि मोठा बदल केला की हा टप्पा पुन्हा सुरू होतो. छोट्या व्यवसायाला ही संख्या गाठणे अवघड जाते, म्हणून दर दोन दिवसांनी त्रिज्या हलवण्यात काहीच हशील नाही. रोजच्या खर्चावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण गुगल ॲड्स एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते आणि महिन्याचा हिशेब ३०.४ दिवसांच्या सरासरीने जुळवते.

दोन किंवा अधिक शाखा असतील तर?

शाखांचे परिसर एकमेकांवर येत नसतील तर प्रत्येक शाखेची वेगळी मोहीम करावी. बजेट, मजकूर आणि फोन क्रमांक स्वतंत्र राहतात. परिसर एकमेकांत मिसळत असतील तर मात्र एकच मोहीम ठेवून बिझनेस प्रोफाइलमधील सर्व पत्ते तिला जोडावेत, म्हणजे जाहिरातीखाली ग्राहकाला जवळच्या शाखेचा पत्ता दिसू शकतो. मजकुरात शहराचे नाव आपोआप बदलण्याची सोयही सर्चच्या जाहिरातींत आहे. ती वापरताना ठिकाण ओळखता न आल्यास दिसणारा पर्यायी मजकूर वाचून पाहावा, कारण बहुतेक चुका तिथेच सापडतात.

जाहिरातीच्या वेळा कोणत्या घड्याळाप्रमाणे चालतात?

गुगल ॲड्समध्ये खाते उघडताना निवडलेल्या वेळक्षेत्राप्रमाणे. वेगळ्या वेळक्षेत्रातील शाखेसाठी वेळापत्रक लावताना फरक हाताने मोजावा लागतो, नाहीतर बंद दुकानाची जाहिरात पहाटे चालते.

कायद्याच्या दृष्टीने काही काळजी घ्यावी लागते का?

मंचावरील तयार सेटिंग वापरताना तुमच्या हाती कोणा एका माणसाची जागा येत नाही, त्यामुळे अडचण सहसा उद्भवत नाही. ग्राहकांची यादी मंचावर चढवताना किंवा स्वतःच्या ॲपमधून लोकेशन घेताना मात्र संमती घ्यावी लागते. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या नियमांत ठिकाणाची माहिती ही स्पष्टपणे व्यक्तिगत माहिती मानली आहे. काही क्षेत्रांत परिसर निवडण्यावरच बंधने आहेत. अमेरिका आणि कॅनडा येथे घरे, नोकऱ्या आणि कर्जे यांच्या जाहिराती गुगल ॲड्सवर टपाल क्रमांकानुसार लक्ष्य करता येत नाहीत, कारण वस्ती निवडणे म्हणजे आडमार्गाने माणसांचा समूह वगळणे ठरू शकते.

व्यवसायाची जागा बदलली तर काय काय बदलावे?

आधी बिझनेस प्रोफाइलमधील पत्ता बदलून त्याची पडताळणी पूर्ण होऊ द्यावी, मग मोहिमेतील वर्तुळाचा मध्य हलवावा. पत्ता बदलल्याने नकाशावर हाताने टाकलेली पिन आपोआप सरकत नाही. वगळलेल्या भागांची यादी पुन्हा वाचावी, कारण जो भाग जुन्या जागेपासून नदीपलीकडे होता तो नव्या जागेच्या दारात असू शकतो. जुन्या परिसराची मोहीम एकदम बंद न करता काही आठवडे कमी बजेटवर चालू ठेवावी आणि तिच्या मजकुरात नवा पत्ता द्यावा. जुने ग्राहक नाव टाकून शोधतात, आणि त्यांना बंद शटरसमोर उभे राहावे लागू नये.